कार्बन, तांबं आणि हवेतली वाफ

स्वयंपाकघरातला दिवा मालवा, मिक्सर चालू करा आणि त्याच्या तळाजवळच्या जाळीतून आत बघा. अंधारात निळसर ठिणग्यांची एक बारीक, थरथरती रेघ दिसेल. त्या रेघेपाशी दोन काळे तुकडे आहेत. हे कार्बनचे ब्रश. मिक्सर दुरुस्त करणारा त्यांना नुसतं ‘कार्बन’ म्हणतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान, पेन्सिलीतल्या शिशाच्याच जातीचे, मागून स्प्रिंगनं दाबलेले. ते ज्या तांब्याच्या फिरत्या नळकांड्यावर टेकलेले असतात, तो कॉम्युटेटर. कार्बन झिजले की मिक्सर बंद पडतो, थोड्या पैशांत नवे मिळतात, आणि आपण त्यांचा विचार तिथंच सोडून देतो.

सोडू नका. या दोन तुकड्यांनी किती काम केलंय त्याचा हिशोब तरी मांडू.

मिक्सरची मोटार मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. म्हणजे सेकंदाला ३३३ फेऱ्या. कॉम्युटेटर एकसंध नसतो, तांब्याच्या अलग अलग पट्ट्या त्यावर शेजारी शेजारी असतात. त्यात २४ पट्ट्या आहेत असं धरलं, तर प्रत्येक कार्बनखालून सेकंदाला ८,००० पट्ट्या सरकतात. प्रत्येक पट्टीशी वीज जोडायची आणि ती पुढं गेली की तोडायची, हे सेकंदाला ८,००० वेळा. कॉम्युटेटरचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर त्याचा घेर साधारण साडेसात सेंटिमीटर, आणि कार्बनखालून तांबं पळण्याचा वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. नगर ते पुणे अंतर १२० किलोमीटर. मिक्सर एक तास वीस मिनिटं चालला की कार्बन नगरहून पुण्यापर्यंत घासत गेलेला असतो! खाली कुठलं वंगण नाही, मध्ये विश्रांती नाही, आणि या सगळ्या वाटेत अंगातून वीज वाहतेय. रोज दहा मिनिटं मिक्सर चालवणाऱ्या घरात कार्बन वर्षाला पाच हजार किलोमीटरांहून जास्त घासतो. तरी तो वर्षानुवर्षं पुरतो.

कसा पुरतो? आणि मुळात ही घासाघीस हवीच कशाला?

तारेच्या गुंडाळीतून वीज सोडली की तिचं चुंबक होतं, हे शाळेत शिकलेलं असतं. अशी गुंडाळी दांड्यावर बसवून दोन पक्क्या चुंबकांच्या मध्ये ठेवली, की तिचा उत्तर ध्रुव समोरच्या दक्षिण ध्रुवाकडे ओढला जातो. गुंडाळी वळते, ध्रुवासमोर ध्रुव येतो आणि ती तिथंच घट्ट थांबते. अर्ध्या फेरीत खेळ संपला. फिरत ठेवायची तर ती तिथं पोहोचते त्याच क्षणी तिच्यातली वीज उलटी वाहायला हवी. मग तिचा ध्रुव बदलतो, ओढ ढकलण्यात बदलते आणि ती पुढची अर्धी फेरी घेते. पण नेमका क्षण कुणी ओळखायचा? सेकंदाला शेकडो फेऱ्या होत असताना कोण बटण दाबत बसणार?

उत्तर इतकं साधं आहे की त्याचंच नवल वाटतं. बटण गुंडाळीच्याच दांड्यावर बसवायचं. गुंडाळीची दोन टोकं दोन तांब्याच्या पट्ट्यांना जोडायची, पट्ट्या दांड्याबरोबर फिरू द्यायच्या आणि वीज बाहेरून, न फिरणाऱ्या तुकड्यांमधून द्यायची. गुंडाळी अर्धी फेरी फिरली की पट्ट्यांची अदलाबदल आपोआप होते. मोटार हळू फिरली तर बदल हळू, जोरात फिरली तर जोरात. वेळ चुकण्याची शक्यताच नाही, कारण घड्याळ आणि चाक ही इथं एकच वस्तू आहे.

ही कल्पना १८३२ सालची. पॅरिसमधला उपकरणं बनवणारा कारागीर हिप्पोलीत पिक्सी यानं हातानं फिरवायचं एक वीजयंत्र केलं होतं. त्यातून वीज यायची ती उलटसुलट, आणि त्या काळी अशी वीज कुणालाच नको होती. आंद्रे मारी आंपेर या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून पिक्सीनं दांड्यावर दिशा बदलणारी जोडणी बसवली आणि वीज एकाच दिशेनं वाहू लागली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जननं हीच युक्ती उलट्या बाजूनं वापरून मोटार फिरवली. पुढं १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्रामच्या वीजयंत्रांतल्या एकाला दुसऱ्याची वीज मिळाली आणि ते आपणहून फिरायला लागलं. वीज बनवणारं यंत्र आणि विजेवर फिरणारं यंत्र एकच आहे, हे तिथं जमलेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

त्या काळच्या यंत्रांत कॉम्युटेटरवर घासायला तांब्याच्या बारीक तारांच्या जुड्या किंवा पातळ पत्र्या असायच्या. तर्काला धरूनच होतं ते. वीज न्यायची तर तांब्याइतकं चांगलं काय? पण तांब्यावर तांबं घासलं की दोन्ही एकमेकांना खरवडतात, चिकटतात, ठिणग्यांचा फवारा उडतो. यंत्राशेजारी माणूस उभा करून जुड्या सारख्या पुढंमागं सरकवाव्या लागत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्यानं तांब्याऐवजी कार्बनचा तुकडा वापरायची कल्पना मांडली. ऐकणाऱ्याला ती उलटीच वाटली असणार. कार्बन विजेला तांब्याच्या साधारण हजारपट अडवतो. चांगला वाहक काढून वाईट वाहक बसवायचा, हा कुठला न्याय?

त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या ट्राम कार्बनवर धावू लागल्या आणि ठिणग्या बसल्या. या यशाचं कारण फार सुंदर आहे, म्हणून इथं जरा थांबू.

कार्बन एका वेळी एकाच पट्टीवर टेकलेला नसतो. तो दोन-तीन पट्ट्यांवर पसरलेला असतो. त्यामुळे एक पट्टी त्याच्याखालून निघून जाताना आणि दुसरी आत येताना, त्या दोघींना जोडलेली गुंडाळी क्षणभर शॉर्ट होते. मिक्सरच्या हिशोबात हा क्षण सेकंदाच्या आठ-हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात त्या गुंडाळीतली वीज एका दिशेची शून्य होऊन दुसऱ्या दिशेची व्हायला हवी. पण लोखंडावर गुंडाळलेल्या तारेतली वीज सहजासहजी दिशा बदलत नाही, ती जुन्याच वाटेनं रेटत राहते. बदल पुरा व्हायच्या आत पट्टी निसटली, तर उरलेली वीज हवेतून उडी मारते. ती ठिणगी.

आता कार्बन काय करतो बघा. निघून जाणारी पट्टी जसजशी बाहेर सरकते, तसतशी तिच्यावर टेकलेली जागा कमी होते. जागा कमी म्हणजे अडथळा जास्त. आत येणाऱ्या पट्टीचं नेमकं उलटं, जागा वाढते आणि अडथळा घटतो. वीज अडथळा टाळते, म्हणून ती आपणच जुन्या पट्टीवरून नव्या पट्टीवर सरकत जाते. धक्का नाही, तुटणं नाही, जणू मोजून दिल्यासारखी. तांब्याची जुडी हे करू शकत नाही, कारण तिचा अडथळा इतका कमी की थोडी जागा काय नि जास्त काय, विजेला फरकच पडत नाही. कार्बनचा दोष तोच इथं त्याचा गुण ठरतो. मोठ्या मोटारींत एवढ्यानं भागत नाही. तिथं मुख्य ध्रुवांच्या मध्ये छोटे मदतनीस ध्रुव बसवतात. त्यांच्यातून मोटारीचीच वीज वाहते, म्हणून भार जितका वाढतो तितकी त्यांची मदतही वाढते. तरीही कार्बनचा हा गुण त्या मोटारींनाही लागतोच.

पण मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट याहून वेगळी आहे. मोटारीतला अत्यंत महत्त्वाचा एक भाग कुठल्याही कारखान्यात बनत नाही.

चांगल्या चाललेल्या मोटारीचा कॉम्युटेटर उघडून बघितला तर तो नव्या तांब्यासारखा लालसर झळाळत नाही. कार्बनच्या वाटेपुरता तो चॉकलेटी तपकिरी असतो, एकसारखा, तुकतुकीत. हा मळ नव्हे. तांब्याचा ऑक्साइड, कार्बनमधून आलेली ग्रॅफाइटची धूळ आणि हवेतलं पाणी यांचा तो थर आहे. त्याची जाडी काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत. म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भागसुद्धा नाही. कार्बन खरं तर या थरावर घसरतो. तांब्याला तो फार थोड्या, सुईच्या अग्राहून बारीक ठिकाणी भिडतो आणि सगळी वीज त्या मोजक्या ठिपक्यांमधून जाते. ठिपके सारखे जागा बदलत राहतात. थर कुठं फाटला तर तिथं उष्णता, हवा, वीज आणि घर्षण मिळून तो पुन्हा विणतात.

नव्या बिडाच्या तव्यावर भाकरी चिकटते आणि वापरून वापरून तो काळा तुकतुकीत झाला की सुटते, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. कॉम्युटेटरचं तसंच आहे. असा मुरलेला तवा वापरातूनच घडतो, आणि नवी सून उत्साहानं तो घासून लख्ख करते तेव्हा सासूचा जीव वरखाली होतो. मोटारीच्या दुकानातला जुना मिस्त्रीही नव्या पोराला तेच सांगतो: तपकिरी दिसतंय ते घासायचं नाही, काळं जळकं दिसलं तर मला हाक मार.

या थरातल्या पाण्याची गोष्ट तर विलक्षण आहे. ग्रॅफाइट निसरडं का? पुस्तकात सांगतात की त्यात कार्बनच्या अणूंचे षटकोनी जाळीचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि ते एकमेकांवरून घसरतात. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंच उडू लागली, तेव्हा हे उत्तर अपुरं पडलं. सहा-सात किलोमीटरच्या वर गेल्यावर विमानांतल्या मोटारींचे आणि जनित्रांचे कार्बन पिठासारखे झिजून जायला लागले. जमिनीवर कितीतरी दिवस टिकणारा तुकडा तिथं काही तासांत, कधी त्याच्याही आधी संपायचा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सॅव्हेज यानं ग्रॅफाइट निर्वातात तांब्यावर घासून बघितलं. ते निसरडं नव्हतंच, नुसती धूळ होत होती! मग त्यानं आत किंचित पाण्याची वाफ सोडली आणि झीज जवळजवळ थांबली. ग्रॅफाइटच्या तुटक्या कडांना पाण्याचे रेणू येऊन चिकटतात, कडा शांत होतात, आणि तेव्हा कुठं ते निसरडं बनतं. पेन्सिल कागदावर इतकी सहज चालते त्यातही हवेतल्या वाफेचा वाटा आहे. विमानांसाठी मग कार्बनमध्ये बेरियम फ्लोराइडसारखे क्षार मिसळले गेले, वाफेची उणीव भरून काढायला.

कार्बनला हवेत किती पाणी लागतं? एका घनमीटरला ८ ते १५ ग्रॅम असलं की तो खूश असतो. दोन-तीन ग्रॅमच्या खाली गेलं की झीज भराभर वाढते. आता आपला अहिल्यानगर जिल्हा घ्या. पर्जन्यछायेतला, पारनेर-पाथर्डीकडं तर उन्हाळ्यात ओठ फुटतील अशी हवा. एप्रिलमधली दुपार, ४० अंश ऊन, आर्द्रता जेमतेम १५ टक्के. असल्या हवेत पाणी कसलं, असं आपल्याला वाटतं. पण ४० अंशांची हवा घनमीटरमागं ५१ ग्रॅम पाणी धरू शकते. त्याचे १५ टक्के म्हणजे साडेसात ग्रॅमच्या वर. ज्या हवेत आपला घसा कोरडा पडतो, तिच्यातही कार्बनला जवळजवळ पोटभर पाणी असतं. उलट हिमालयात कडाक्याच्या थंडीत, हवा दमट वाटत असतानाही तो तहानलेला असू शकतो, कारण थंड हवेत पाणी मावतच नाही.

आणि या थराला एक छुपा शत्रू आहे, सिलिकॉन. बंद मोटारीच्या आसपास सिलिकॉनचं सीलंट लावलं, तर त्याची वाफ कार्बनपाशी येते, ठिणग्यांत जळते आणि तिची वाळूसारखी कठीण सिलिका तयार होते. मग तिथं पॉलिश पेपर लावल्यागत सगळं खरवडलं जातं. वास येणार नाही इतकी वाफही पुरते. मोटारीच्या डिझायनरला डिंक कुठला लावायचा याचाही विचार करावा लागतो तो यासाठी.

आता हा काळा तुकडा बनतो कसा ते बघू. सुरुवात काजळीपासून होऊ शकते. हो, समईवर वाटी धरून डोळ्यांत घालायला धरायचे तीच काजळी, फक्त तेल जाळून मोठ्या प्रमाणावर धरलेली. किंवा तेलशुद्धीकरणात उरणारा कोक. तो दळायचा, त्यात गरम कोळशाचं डांबर मिसळून कणकेसारखं मळायचं, थंड झालं की पुन्हा दळायचं, साच्यात दाबून ठोकळे करायचे. मग हवा लागू न देता हजार अंशांच्या पुढं भाजायचं. इथं घाई चालत नाही. डांबरातले वायू हळूहळू बाहेर पडायला हवेत, नाहीतर ठोकळा आतून तडकतो. म्हणून तापमान दिवसेंदिवस थोडं थोडं चढवतात. बाहेर येतो तो कठीण कार्बन. त्यातले पापुद्रे अजून वेडेवाकडे पडलेले असतात. ते सरळ रचायचे तर २,५०० अंशांच्या वरची भट्टी लागते.

इतकं तापमान कोणत्या विटांत धरायचं? लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन या शोधकाचं उत्तर असं की ठोकळ्यांमधूनच प्रचंड वीज सोडायची आणि त्यांना स्वतःच्याच अडथळ्यानं तापू द्यायचं. १८९० च्या दशकात नायगाराच्या धबधब्याची वीज मिळू लागल्यावर तिथं हे प्रत्यक्षात आलं. कार्बन इतक्या तापातही वितळत नाही. त्याचे अणू जागच्या जागी सरकून ओळीत बसतात आणि काळा कठीण दगड मऊ, चकचकीत ग्रॅफाइट होतो. त्याची पुढं चकती, वडी कापायची. शेवटी छोटं भोक पाडून त्यात लवचीक तांब्याच्या तारेची शेपटी घालायची आणि भोवती तांब्याची पूड ठोकून ठासून भरायची. वितळवलेलं काही लागत नाही, पूड दाबानंच घट्ट बसते. पण तुकडा कशासाठी करायचाय त्यावर कृती बदलते, आणि डिझायनरची खरी परीक्षा इथं आहे.

मिक्सरच्या मोटारीला २३० व्होल्ट, प्रचंड वेग आणि थोडी वीज. तिथं ग्रॅफाइटची पूड रेझिनमध्ये बांधून केलेला, मुद्दाम जास्त अडथळ्याचा तुकडा चालतो. गाडीच्या ‘सेल्फ’ला मात्र तो देऊन बघा! कार्बन आणि तांब्याच्या प्रत्येक भेटीत साधारण एक व्होल्ट वाया जातो, येताना एक, जाताना एक. मिक्सरच्या २३० व्होल्टांत दोन गेले तर कोण मोजतो? पण गाडीची बॅटरी १२ व्होल्टांची. दोन गेले म्हणजे सहावा हिस्सा गेला, थंडीच्या सकाळी इंजिन उठणारच नाही. म्हणून सेल्फच्या तुकड्यात निम्म्याहून जास्त, कधी कधी नव्वद टक्क्यांपर्यंत तांब्याची पूड असते. तो रंगानंही तांबूस दिसतो. तो लवकर झिजतो, ठिणग्याही जास्त उडवतो. पण त्याला दिवसातून काही सेकंदच काम आहे.

आता नगर स्टेशनावर या. मनमाड-दौंड मार्गावरच्या गाडीला डब्ल्यूएपी-४ जातीचं इंजिन असेल, तर त्याच्या सहा मोटारींपैकी प्रत्येक ६३० किलोवॅटची आहे, ७५० व्होल्ट आणि ९०० अँपिअर खाणारी. मिक्सर आणि ही मोटार यांचं तत्त्व एकच. तुकड्याच्या एका चौरस सेंटिमीटरमधून साधारण १० अँपिअर नेले तर तो सुखात राहतो. म्हणजे ९०० अँपिअरसाठी एका बाजूला ९० चौरस सेंटिमीटर कार्बन हवा. तो अनेक तुकड्यांत वाटून बसवतात. दोन व्होल्ट गुणिले ९०० अँपिअर, म्हणजे नुसत्या या घासत्या भेटीत एका मोटारीत १,८०० वॅट उष्णता. इस्त्रीहून जास्त. आणि विजेचा प्रवास तरी कसा! वरच्या तारेत २५,००० व्होल्टांची उलटसुलट वीज, इंजिनात ती कमी व्होल्टांची करून एकदिश केली, आणि मोटारीत शिरताच कॉम्युटेटरनं ती गुंडाळ्यांसाठी पुन्हा उलटसुलट केली. मुंबईच्या लोकल तर ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली गाडी धावली तेव्हापासून कित्येक दशकं १,५०० व्होल्टांच्या एकदिश विजेवर आणि कार्बनच्या जिवावर पळाल्या. तिथली ही एकदिश वीज २०१६ साली कायमची बंद झाली.

कॉम्युटेटरची घडण कार्बनहूनही नाजूक. छोट्या मोटारीचा कॉम्युटेटर करताना सुट्या पट्ट्या जुळवतच नाहीत. तांब्याची एकच पट्टी वळवून नळी करतात, आत बेकलाइटच्या जातीचं प्लास्टिक दाबून भरतात, आणि ते पक्कं झाल्यावर बारीक करवतीनं नळीला उभ्या चिरा देतात. एकाचे चोवीस होतात, तरी जागचा कुणी हलत नाही. हलू नये याला कारण आहे. वीस हजार फेऱ्यांवर पट्टी गुरुत्वाकर्षणाच्या पाच हजारपटीहून जास्त जोरानं बाहेर ओढली जाते. एक ग्रॅमची पट्टी पाच किलोंहून जड होते. प्लास्टिकमध्ये रुतलेले तिचे तांब्याचे पाय हा सगळा भार धरतात.

रेल्वेच्या मोटारीत पट्ट्या शेकडो, आणि त्या खरोखरच एकेक करून जुळवाव्या लागतात. प्रत्येक पट्टी पाचरीसारखी, बाहेर रुंद, आत अरुंद. कमानीचे दगड जसे एकमेकांना दाबून उभे राहतात तशा त्या वर्तुळात उभ्या राहतात. तांब्यात किंचित चांदी मिसळलेली असते, हजारात एक भागापर्यंत, म्हणजे तापलं तरी तांबं मऊ पडत नाही. दोन पट्ट्यांमध्ये मायका, आपलं अभ्रक. ते वर्षानुवर्षं झारखंडच्या कोडरमा भागातून जगभर गेलं. पापुद्रे सुटे असतात ते चिकटवायला पूर्वी लाख वापरत, झाडावरच्या किड्यानं बनवलेली. खाणीतला दगड, किड्याची लाख, तांबं आणि चांदी असं मिळून हे चाक होतं. मग ते तापवायचं, ठरल्या वेगापेक्षा जोरात फिरवायचं, बोल्ट आवळायचे, थंड करायचं, पुन्हा तापवायचं. पट्ट्या आपापल्या जागी बसून हलायच्या थांबेपर्यंत हे चालतं. इतकं करून वर्तुळाचा डगमगाट मिलिमीटरच्या काही शतांशांत हवा. त्याहून जास्त असेल तर कार्बन पट्टीपट्टीवर उड्या मारतो.

नगर जिल्ह्यात या विद्येची शाळा साखर कारखान्यांत भरली, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला आणि मागोमाग जिल्हाभर धुराडी उठली. उसाच्या गव्हाणीचा आणि मिलचा वेग उसाच्या आवकेप्रमाणे सारखा कमीजास्त करावा लागतो, तोही पूर्ण भारावर. एकदिश विजेच्या मोटारी यात पटाईत, म्हणून अनेक कारखान्यांत त्या आल्या. हंगामात त्यांना उसंत नाही. गाळप संपलं की त्या उतरतात, आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये त्यांचा फिरता भाग, म्हणजे आर्मेचर, लेथवर चढतो.

तिथलं एक काम जवळून बघण्यासारखं आहे. अभ्रक तांब्यापेक्षा हळू झिजतं. त्यामुळे काही काळानं ते पट्ट्यांच्या मधून केसभर वर डोकावतं आणि कार्बनला ठेच लागते. उपाय म्हणजे ते खाली कापायचं, एक-दीड मिलिमीटर. मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेतो, त्याच्या दात्यांच्या बाजू दगडावर घासून बरोबर अभ्रकाच्या जाडीएवढ्या करतो, एका टोकाला कापड गुंडाळून मूठ करतो. मग एकेक खाच. ब्लेड तांब्याला लागता कामा नये, कोपऱ्यात अभ्रकाचा कणही राहता कामा नये. पोराला जमेना तेव्हा मिस्त्री म्हणतो, ‘बाळा, कान दे. मायका कापताना खरखर वाजते, तांबं लागलं की आवाज बसतो.’ शेकडो खाचांनंतर कडांवर हलकेच कानस आणि शेवटी बारीक वाळूचा कागद. एमरी नाही, तिचे कण तांब्यात रुतून बसतात. नवे कार्बनही याच कागदावर घासून गोलाईला बसवायचे. सगळं लख्ख झालं की मोटार हलक्या भारावर फिरत ठेवतात, तो तपकिरी थर पुन्हा येईपर्यंत.

मग हे सगळं टाकूनच द्यावं, असा विचार कुणाच्या मनात येणार नाही? आलाच. नगरच्या एमआयडीसीत सीजी पॉवरच्या, म्हणजे जुन्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजच्या कारखान्यात ज्या इंडक्शन मोटारी बनतात, त्यांत कार्बनही नाही आणि कॉम्युटेटरही नाही. चुंबकत्वच विजेनं गोल फिरतं आणि दांडा त्याच्यामागं जातो. याच नगरशी कायनेटिकची लूना बांधलेली. १९७२ साली ती आली तेव्हा पायडल मारून सुरू व्हायची, सेल्फही नव्हता. २०२४ साली तिचा विजेवरचा अवतार आला, तो नगरच्याच कारखान्यातून. त्यात इंजिन नाही आणि मोटारीत कार्बनही नाही. चुंबक फिरतात, गुंडाळ्या स्थिर असतात, आणि चुंबक कुठं आहे ते सेन्सर ओळखून ट्रान्झिस्टर नेमक्या क्षणी वीज उलटवतात. पिक्सीनं १८३२ साली दांड्यावर बसवलेलं काम तेच, फक्त घासणं गेलं.

पण कार्बन इतक्या सहज जाणारा नाही. इंडक्शन मोटारींचा वेग बदलायला आता इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह लावतात. हे ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात, त्यानं मोटारीच्या दांड्यावर चोरून व्होल्टेज साठतं. ते बाहेर पडायला वाट शोधतं आणि बेअरिंगच्या तेलाच्या थरातून ठिणगी मारून जातं. होता होता बेअरिंगवर धुणं धुवायच्या फळीसारख्या ओळी उमटतात आणि ते घरघरायला लागतं. यावर एक उपाय म्हणजे दांड्यावर टेकलेला कार्बनचा ब्रश, चोर वीज अलगद जमिनीत सोडणारा. ज्या मोटारीची ब्रशपासून सुटका झाल्याचं कौतुक होतं, तिला सांभाळायला ब्रशच परत आणावा लागला.

नगरच्या टँक म्युझियममध्ये गेलात तर रणगाड्याच्या बुरुजाकडे बघून एक प्रश्न स्वतःला विचारा: हा बुरूज गोल-गोल कितीही फिरतो, मग खालच्या बॅटरीची वीज वर जाते कशी? तारा पिळून तुटत का नाहीत? तिथंही फिरत्या कड्यांवर टेकलेले ब्रशच आहेत.

आणि स्टेशनावर आता डब्ल्यूएपी-७ सारखी नव्या पिढीची इंजिनं दिसतात, त्यांच्या मोटारी बिनब्रशच्या. फलाटावर उभं राहून वर बघा. तांब्याची तार रुळांच्या अगदी मधोमध नसून एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे नागमोडी गेलेली दिसेल, मध्यापासून कधी वीस सेंटिमीटर डावीकडे, कधी उजवीकडे. कारण इंजिनाच्या छपरावरचा पँटोग्राफ तिला कार्बनच्या पट्टीनं खालून घासत जातो, आणि तार सरळ असती तर पट्टीला एकाच जागी खाच पडली असती. तार किंमती आणि मैलोन्‌मैल लांब, पट्टी स्वस्त आणि शेडमध्ये बदलता येणारी. म्हणून झिजायचं काम मऊ कार्बनकडे दिलंय. काम करून झालेली वीज रुळांत परत जाते, ती चाकाच्या आसावर टेकलेल्या ब्रशमधून, म्हणजे बेअरिंग जळू नयेत. ज्या इंजिनाच्या मोटारीतून कार्बन हद्दपार झाला, त्याच इंजिनात वीज आत शिरते ती कार्बनमधून आणि बाहेर पडते तीही कार्बनमधूनच.